शब्द पुरतील तोवर

मतदानाला एकोणीस दिवस उरले असताना मुकुंद वराडेंचा आवाज बसला.

दुसऱ्या कुणा उमेदवाराचा बसला असता तर मिठाच्या गुळण्यांवर भागलं असतं. पण वराडेंकडे आवाजाखेरीज दुसरं भांडवलच नव्हतं. ना साखर कारखाना, ना शिक्षणसंस्था, ना घराण्यात कुणी आमदार. चौदा वर्षं एका मालिकेत त्यांनी खेड्यातल्या शाळामास्तराचं काम केलं होतं. संध्याकाळच्या जेवणाला हा माणूस ज्या घरात नव्हता, असं घर राज्यात सापडणं कठीण होतं. लोक त्यांना मास्तर म्हणूनच हाक मारत. २०३९च्या लोकसभेला पक्षाने त्यांना त्यांच्या जन्मगावच्या भानखेडे मतदारसंघातून उभं केलं, ते या मास्तराच्या भरवशावर. भानखेडे कुणाचाच बालेकिल्ला नव्हता. गेल्या चारही निवडणुकांत तिथलं पारडं फिरलं होतं. मागच्या खेपेला तर अवघ्या नऊशे मतांनी.

हेमांगी फालक यांचं क्लिनिक बसस्टँडच्या मागे, औषधाच्या दुकानावर होतं. तोतरी बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर वाचा गेलेले म्हातारे, घसा फाटलेले शिक्षक, असे त्यांचे पेशंट. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एक उमेदवार जिना चढून येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ताई," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "एकोणीस दिवस चालवा फक्त. विसाव्या दिवशी मुका झालो तरी चालेल."

हेमांगीताईंनी संमतीपत्र पुढे केलं. मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

"आधी वाचा. घशाची तपासणी वेगळी आणि स्वरलेखाची वेगळी. स्वरलेखा नुसता घसा बघत नाही. नको असेल तर त्यावर काट मारा."

मास्तरांनी कागद वरवर चाळला. "घ्या हो, सगळंच घ्या. मुंबईत दर वर्षी करतात की." मग जरा थांबून म्हणाले, "गेली दोन वर्षं राहूनच गेलंय, खरं तर."

स्वरलेखा हे यंत्र डब्याएवढं, पण त्याच्यामागे वीस वर्षांचं काम होतं. आपण बोलतो तेव्हा मेंदू सेकंदाला दोन-तीन शब्द आपल्या साठ्यातून शोधून आणतो. त्या शोधाला काही क्षणांश लागतात, आणि तेवढीच पोकळी शब्दाच्या आधी पडते. ती कानाला कळत नाही, यंत्राला कळते. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात सगळ्यात आधी शब्द जातात. माणसं, वाटा, चेहरे खूप काळ शाबूत राहतात, पण त्यांची नावं सापडेनाशी होतात. त्याची चाहूल लागायच्या पाच-सहा वर्षं आधीच नामांपूर्वीच्या या पोकळ्या रुंदावू लागतात, आणि 'किल्ली', 'कुंपण' अशा नेमक्या शब्दांऐवजी 'ते', 'तसलं' वाढत जातं. हजारो लोकांचे आवाज वर्षानुवर्षं साठवून, त्यातल्या कुणाचं पुढे काय झालं ते पाहून यंत्र हे शिकलं होतं.

मास्तर दीड मिनिट आपल्या गावाबद्दल बोलले. पडद्यावर धोक्याची केशरी रेघ आली.

हेमांगीताईंनी चेहरा हलू दिला नाही. सामान्य माणसाची तुलना यंत्र त्याच्या वयाच्या इतरांशी करतं, त्यामुळे केशरी रेघ पाचात एकदा चुकते. पण या माणसाचा तीस वर्षांचा आवाज जगाकडे साठवलेला होता. मालिकेतले संवाद पाठ केलेले, ते निरुपयोगी. मुलाखती मात्र उत्स्फूर्त होत्या.

"तुमच्या जुन्या मुलाखती मी यंत्राला ऐकवल्या तर चालेल?" त्यांनी विचारलं. "तुमच्या परवानगीशिवाय मला तसं करता येत नाही."

कायदाच होता तसा. यंत्र निघाल्यावर लोकांनी टीव्हीवरून न्यायाधीशांचे, क्रिकेटपटूंचे, शेजाऱ्यांचे आवाज तपासून बोभाटा सुरू केला. दोघातिघांनी जीव दिला. तेव्हापासून दुसऱ्याचा आवाज त्याच्या संमतीवाचून तपासणं हा गुन्हा ठरला होता.

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "ऐकवा."

*

दोन दिवसांनी ते एकटेच आले. घसा बराच सुधारला होता. हेमांगीताईंनी दार लावून घेतलं आणि जे होतं ते सांगितलं. आडवळण न घेता, पण हळू. मुलाखतींच्या तुलनेनंतर शंकेला जागा उरली नव्हती.

"औषध?"

"वेग कमी होतो. आजच सुरू करू. थांबत नाही."

"किती वर्षं, ताई?"

"लोकांच्या लक्षात यायला दोन-तीन. त्यापुढे कानात शब्दसाथी लावून आणखी काही. ते यंत्र अडलेला शब्द कानात सांगतं."

मास्तर खिडकीतून खाली बघत राहिले. चौकात त्यांचंच पोस्टर होतं, हात जोडलेलं.

"खासदारकी पाच वर्षांची असते," ते म्हणाले.

हेमांगीताईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

"हे कुणाला कळेल?"

"माझ्याकडून कुणालाही नाही. तुमच्या मुलीलाही नाही."

"मग ते असंच राहू द्या," मास्तर म्हणाले. "मला जिंकायचंय. इतकी वर्षं खोटा मास्तर होतो. एकदा खरं काहीतरी करू द्या."

घरी गिरीश वाट बघत होते. हेमांगीताईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. भानखेडे उपसा सिंचन योजनेचा आराखडा त्यांनी तरुणपणी काढला होता आणि तो सत्तावीस वर्षं दिल्लीत पडून होता. मास्तरांनी योजनेचं वचन दिल्यापासून गिरीश रोज प्रचाराला जात होते.

"आले होते म्हणे मास्तर? कसा आहे आवाज?"

"सुधारतोय."

"पाच वर्षं टिकेल ना?" गिरीश हसत म्हणाले.

त्यांनी थट्टेत विचारलं होतं. पण हेमांगीताई भाकरी थापायला वळल्या, आणि तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवावं लागलेलं हे पहिलं मोठं ओझं त्यांच्या मानेवर येऊन बसलं. रोज सकाळी गिरीश उत्साहाने बाहेर पडत. योजनेचा नकाशा गुंडाळून काखेत धरलेला असे. त्या दारात उभ्या राहून बघत.

*

मतदानाला सहा दिवस असताना एक चित्रफीत फिरू लागली. कुणीतरी मास्तरांची भाषणं चोरून यंत्राला ऐकवली होती. शेवटी केशरी रेघ होती आणि खाली प्रश्न, 'मास्तरांना स्वतःचं नाव किती दिवस आठवेल?' करणाऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला, पण दुपारपर्यंत ती प्रत्येक फोनवर पोचली होती.

संध्याकाळी मास्तरांची मुलगी ऋजुता क्लिनिकमध्ये आली. प्रचाराची सगळी सूत्रं तिच्याच हातात होती. तीन आठवड्यांत तिचे डोळे खोल गेले होते.

"काकू, दोन ओळी हव्यात. आवाज तपासला, निरोगी आहे. खाली सही. उद्या सकाळी पत्रकार परिषदेत वाचून दाखवते."

"मी पेशंटबद्दल बाहेर काही देत नाही, ऋजुता."

"मागच्या वर्षी रेडिओवरच्या त्या निवेदिकेला दिलं होतंत. तिने स्वतःच सांगितलं मला."

हेमांगीताईंनी टेबलावरची वही सरळ केली. परत वाकडी केली.

"काकू, ती रेघ खोटी आहे ना? मग लिहायला काय हरकत आहे?"

"मी काहीच सांगू शकत नाही. हो पण नाही, नाही पण नाही."

ऋजुता बोलायला गेली आणि थांबली. गप्प राहायचा हक्क हेमांगीताईंना होता, पण त्या गप्प राहण्यानेच उत्तर दिलं होतं. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना त्यांना दिसला. ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून राहिली.

"त्यांना माहीत आहे?" तिने विचारलं.

हेमांगीताईंनी तिला पाण्याचा पेला दिला.

*

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद झाली नाही. त्याऐवजी बाजार समितीच्या मैदानावर सभा लागली. मास्तर मंचावर आले आणि पक्षाचे लोक अडवायच्या आत त्यांनी माईक हातात घेतला.

"ती रेघ चोरीची आहे," ते म्हणाले. "पण खरी आहे."

त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"माझे शब्द जाणार आहेत. उद्या नाही, परवा नाही, पण जाणार. तुम्ही मला मत दिलंत तर तीन वर्षं मी नीट काम करीन, कदाचित साडेतीन. नंतर हे कानात यंत्र घालतात, ते बोलतं छान. पण तुम्ही मत मला देणार, यंत्राला नाही. म्हणून मी आज राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख नाही घातली. जिने काल खोटी सही दिली नाही, त्या बाईकडे तो राहील. दर तीन महिन्यांनी ती मला तपासेल. ज्या दिवशी माझ्या बोलण्यात माझ्यापेक्षा यंत्र जास्त झालं, त्या दिवशी ती तो कागद माझ्यासमोर ठेवेल. आता तुम्हाला काय करायचं ते करा."

गर्दीत उभ्या असलेल्या हेमांगीताईंना हे आधी कुणी विचारलं नव्हतं. सभेनंतर मास्तरांनी पाकीट पुढे केलं तेव्हा त्या चिडल्याच.

"माझ्यावर का टाकता हे? ऋजुता आहे, तुमचा पक्ष आहे."

"ऋजुताचं माझ्यावर प्रेम आहे," मास्तर म्हणाले. "आणि पक्षाचं जागेवर. म्हणून तुम्ही."

त्यांनी पाकीट घेतलं. गिरीश शेजारीच होते. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "तुला माहीत होतं सगळं."

"हो."

"आणि मी रोज नकाशा घेऊन हिंडत होतो."

"सांगता येत नव्हतं हो."

गिरीश दोन पावलं पुढे झाले.

मास्तर तेराशे बारा मतांनी निवडून आले.

*

तीन वर्षं त्यांनी खरंच काम केलं. भानखेड्यातल्या रुग्णालयाला डॉक्टर मिळाले. उपसा योजनेची फाईल इतक्या वर्षांनी हलली. योजनेसाठी तापीवरच्या बंधाऱ्याची उंची वाढवावी लागणार होती आणि त्यात दोन पाडे बुडणार होते. मास्तरांनी त्या पाड्यांवर जाऊन शब्द दिला होता, आधी तुमची नवी घरं, मग बंधारा.

दर तीन महिन्यांनी ते जिना चढून येत. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या कानात शब्दसाथी आला. सुरुवातीला तो अडलेला एखादा शब्द पुरवी. मग वाक्याचा शेवट. हे यंत्र माणसाची जुनी भाषणं, पत्रं, पक्षाची निवेदनं वाचून पुढे तो काय म्हणेल याचा अंदाज बांधत असे. दिल्लीत लोक म्हणू लागले की मास्तर पूर्वीपेक्षा चांगले बोलतात.

चौथ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते आले ते खुर्चीत न बसता उभेच राहिले. त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"समितीत," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं. ते... पाण्याचं. मला म्हणायचं होतं, आधी... ते लोकांचं. राहायचं."

"घरं?"

"घरं. आधी घरं. आणि यानं..." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "यानं म्हटलं, ताबडतोब मंजूर करा. कानात. आणि मी... म्हणून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या..."

हेमांगीताईंनी दिल्लीतल्या त्या समितीच्या बैठकीची नोंद यंत्रातून काढली. सात मिनिटांच्या निवेदनात दोन तृतीयांश शब्द शब्दसाथीने दिलेले होते. योजनेच्या बाजूने मास्तर इतक्यांदा बोलले होते, की यंत्राच्या हिशेबाने तेच त्यांचं सर्वांत संभाव्य वाक्य होतं.

त्यांनी कपाटातलं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. पण मास्तर तोवर यंत्र उचलून गाडीत जाऊन बसले होते.

ही गोष्ट मास्तरांनीच मुलीला सांगितली. दुसऱ्याच दिवशी ऋजुता भानखेड्याला आली आणि क्लिनिकऐवजी घरीच आली. गिरीशही बसले होते.

"काकू, चार महिने थांबा," ती म्हणाली. "अंतिम मंजुरी ऑगस्टमध्ये आहे. जागा रिकामी झाली तर पाठपुरावा करायला कुणी नाही, फाईल परत तळाला जाईल. बाबा बोलतायत, लोकांना समजतंय. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्या दोन पाड्यांचं," हेमांगीताई म्हणाल्या.

गिरीशांनी चष्मा काढला. "हेमा, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. चाळीस हजार एकरांना पाणी मिळणार आहे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज हे चार महिने मागतो."

हेमांगीताईंना त्या क्षणी नवऱ्याचे हात फार म्हातारे दिसले. त्यांना हो म्हणावंसं वाटलं. त्या उठून आत गेल्या, देवघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पर्स होती.

"ते वाक्य त्यांचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय म्हणायचं होतं, ते मी ऐकलंय त्यांच्या तोंडून."

*

मास्तर आपल्या घराच्या ओसरीवर बसले होते. कानात यंत्र होतं. हेमांगीताईंनी पाकीट दाखवताच ते स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "ताई, मी पूर्णपणे सक्षम आहे. मतदारांनी दिलेली जबाबदारी मी मुदत संपेपर्यंत पार पाडीन."

"ते काढता का जरा?"

त्यांनी यंत्राला हात लावला, पण काढलं नाही. त्यांना भीती वाटत होती. हेमांगीताई वाट बघत राहिल्या. ऋजुता खांबाला टेकून उभी होती, शेवटी तीच पुढे झाली आणि तिने वडिलांच्या कानातलं यंत्र अलगद काढून घेतलं.

मास्तरांनी कागद उघडून वाचला. पुन्हा वाचला. बोट अक्षरांवरून फिरवत तिसऱ्यांदा.

"हे मी... कधी?"

"सभेच्या दिवशी सकाळी."

"आठवत नाही." त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "पण अक्षर... माझं."

"हो."

"मग माणूसही... माझाच असेल." त्यांनी पेन मागितलं आणि तारीख घातली. मग ऋजुताकडे वळून म्हणाले, "आणि ते... घरांचं. ते पण लिही. मी म्हणालो नव्हतो."

ऋजुताने रडत रडत ते लिहिलं.

नुसत्या पत्राने भागणार नव्हतं. राजीनामा खासदाराच्या स्वतःच्या इच्छेने दिलेला आहे, अशी लोकसभेच्या अध्यक्षांची खात्री पटावी लागते. तीन दिवसांनी अध्यक्षांनी स्वतः दृक्‌फोनवर विचारलं, "हा राजीनामा आपण स्वखुशीने देत आहात?" मास्तरांनी यंत्र लावायला नकार दिला होता. त्यांचे ओठ हलले, काही आलं नाही. अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, थांबले.

"खुशी नाही," मास्तर म्हणाले. "पण... माझी मर्जी."

राजीनामा स्वीकारला गेला. दुरुस्तीच्या पत्रामुळे समितीने योजना परत पाठवली. आधी पुनर्वसन, असा शेरा मारून. पाड्यांवरच्या लोकांना घरं मिळेपर्यंत बंधारा वाढणार नव्हता, म्हणजे गिरीश हयात असेपर्यंत पाणी येईलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. गिरीशांनी नकाशा कपाटावर ठेवून दिला. ते हेमांगीताईंशी भांडले नाहीत. जेवायला बसत, हवं ते मागून घेत आणि उठून जात. असे दोन महिने गेले.

*

पोटनिवडणूक ऑक्टोबरात लागली. मतदानाच्या दिवशी सकाळी गिरीश म्हणाले, "मास्तरांना कोण नेणार आहे?" ऋजुता तेव्हा मुंबईत होती.

"बघते काहीतरी."

"गाडी काढतो," ते म्हणाले, आणि किल्ली घेऊन बाहेर पडले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लांब रांग होती. मास्तरांना पाहून लोक बाजूला झाले, "तुम्ही पुढे व्हा" म्हणाले. मास्तरांनी मान हलवली आणि शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे हेमांगीताई आणि त्यांच्यामागे गिरीश. पाऊण तास लागला.

खोलीत पहिल्या टेबलावर एक तरुण शिक्षिका मतदार यादी घेऊन बसली होती. सवयीने, मान वर न करता, तिने विचारलं, "नाव?"

मास्तरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने वर पाहिलं आणि ती गोंधळली. तिला नाव माहीत होतं. दोन्ही पक्षांच्या मतदान प्रतिनिधींना, दारातल्या पोलिसाला, मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हेमांगीताईंनी नाव सांगायला नकळत श्वास घेतला, आणि त्यांच्या दंडावर गिरीशांचा हात पडला. थांब.

कुणी नाव सांगितलं नाही. शिक्षिकेने पेन खाली ठेवलं. व्हरांड्यातलं बोलणं एकेक करत थांबलं. मास्तर टेबलाच्या कडेला बोटं टेकवून उभे होते, त्यांच्या कपाळावर घाम आला होता. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, दुसरं सुरू झालं.

"मुकुंद," ते म्हणाले.

शिक्षिका थांबून राहिली.

"मुकुंद... दगडू... वराडे."

तिने यादीत बोट फिरवलं, नाव मोठ्याने वाचलं आणि त्यावर रेघ ओढली. मास्तरांनी डावा हात शाईसाठी पुढे केला.